आयोवातली तेरा बाळं

माझी भाची सिएटलला असते. तिला पाच महिन्यांची मुलगी आहे. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, लेकीच्या बाळंतपणाला म्हणून तिकडे गेली ती अजून तिथेच आहे, पुढच्या महिन्यात परत येईल. परवा भाचीने काळ्या-पांढऱ्या चित्रांच्या कार्डांचा एक फोटो पाठवला आणि विचारलं, "मावशी, बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी हे घेऊ का? आई दिवसभर तिच्याशी नुसती बडबड करत बसते. आणि आई गेली की तेही नाही. मग पाळणाघरच."

कार्डं घ्यायला माझी काही हरकत नाही. पण ते 'नुसती बडबड' वाचलं आणि मला आयोवा आठवलं. गेली दोन-तीन वर्षं या एका प्रकरणाबद्दल मिळेल ते मी वाचते आहे. फोनवर सांगायला घेतलं तर तास जाईल, आणि पाच महिन्यांच्या बाळाच्या आईकडे सलग तास कुठून असणार! म्हणून इथेच लिहून काढते. तिच्या निमित्ताने तुम्हीही वाचा.

आयोवा म्हणजे अमेरिकेच्या मध्यावरचं शेतकरी राज्य. मका आणि डुकरं, ही तिथली ओळख. तिथे कोरा बसी हिलिस नावाच्या एक बाई होत्या. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. मका चांगला यावा, डुकरं धष्टपुष्ट व्हावीत म्हणून सरकार संशोधनावर खर्च करतं, मग मुलांची वाढ चांगली कशी होते हे शोधायला पैसे का देत नाही? बाई वर्षानुवर्षं या मागणीच्या मागे लागल्या आणि १९१७ साली आयोवाच्या विद्यापीठात बालकल्याण संशोधन केंद्र सुरू झालं. असलं केंद्र अमेरिकेत पहिलंच. डुकरांच्या पंक्तीला बसून का होईना, मुलांचा नंबर लागला म्हणायचा.

या केंद्रातला हॅरल्ड स्कील्स नावाचा तरुण मानसशास्त्रज्ञ १९३०च्या दशकात डेव्हनपोर्ट गावच्या अनाथाश्रमात काम करू लागला. हा आश्रम मुळात यादवी युद्धात मेलेल्या सैनिकांच्या मुलांसाठी काढलेला. पुढे राज्यातली सगळ्या प्रकारची निराधार मुलं तिथे येऊ लागली, आणि मंदीच्या वर्षांत तर तो तुडुंब भरला होता.

तिथे बाळं कशी ठेवत, याचं वर्णन स्कील्सने करून ठेवलं आहे. सहा महिन्यांच्या आतली बाळं इस्पितळासारख्या खोलीत, आपापल्या पाळण्यात. पुष्कळ पाळण्यांच्या कडांना कापड लावलेलं, त्यामुळे बाळाला शेजारचं बाळ दिसायचं नाही. वर टांगलेलं खेळणं नाही, चिमणाळं नाही, काही नाही. परिचारिका यायच्या, सराईत हातांनी दुपटी बदलायच्या, आंघोळ घालायच्या, औषध द्यायच्या आणि दुधाची बाटली कशाच्या तरी टेकूने तोंडाशी लावून पुढच्या पाळण्याकडे जायच्या. सहा महिन्यांनंतर बाळ जरा मोठ्या पाळण्यात, आणखी दोन-चार बाळांच्या खोलीत. दोन वर्षांचं झालं की तीस-पस्तीस मुलांच्या घरात, जिथे सगळ्यांना मिळून एक मेट्रन.

यात कुणी दुष्ट नव्हतं हे मुद्दाम सांगते. बाळांचं पोट भरत होतं, अंगावर स्वच्छ कपडे होते, आजारी पडलं तर औषध होतं. परिचारिकांना दोनच हात होते आणि पाळणे खूप. शिवाय त्या काळचं शास्त्रच असं होतं की बाळाला फार हाताळू नये. १८९४ पासून डॉक्टर होल्ट यांचं बालसंगोपनाचं पुस्तक अमेरिकेतल्या घराघरांत होतं, आणि बाळाशी खेळू नका, त्याने ते बिथरतं, असा त्याचा सूर होता. १९२८ साली जॉन वॉटसन या नामांकित मानसशास्त्रज्ञाने तर आयांना सांगितलं की मुलांना मिठ्या मारू नका, पापे घेऊ नका, मांडीवर बसवू नका. सकाळी हस्तांदोलन करा. (खरंच असं लिहिलं आहे. आमच्या आजीने हे वाचलं असतं तर तिने वॉटसनसाहेबांची दृष्ट काढली असती.)

याहून मोठी अडचण एका समजुतीची होती. बुद्धी ही जन्मतःच ठरलेली असते, ती मोजता येते आणि ती बदलत नाही, असं तेव्हाचे बहुतेक मानसशास्त्रज्ञ मानत. स्टॅनफर्डचे लुईस टर्मन हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. बुद्ध्यांकाची चाचणी अमेरिकेत रुजवली ती त्यांनीच. या समजुतीचे परिणाम कागदावर राहत नव्हते. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक नावाच्या तरुणीची सक्तीने नसबंदी करायला मंजुरी दिली. ती 'मंदबुद्धी', तिची आई 'मंदबुद्धी' आणि तिची तान्ही मुलगीही तशीच, असा दावा होता. तान्ह्या व्हिव्हियनबद्दलचा पुरावा काय, तर सात-आठ महिन्यांच्या त्या बाळाकडे बघून एका समाजसेविकेला ते 'अगदी नॉर्मल वाटलं नाही'. ही व्हिव्हियन पुढे शाळेत गेली, एका वर्षी गुणवंत मुलांच्या यादीत तिचं नाव आलं, आणि १९३२ साली आठव्या वर्षी ती आजारपणात वारली.

तर असे ते दिवस. आता गोष्ट.

डेव्हनपोर्टच्या आश्रमात दोन मुली होत्या. एक तेरा महिन्यांची, दुसरी सोळा महिन्यांची. दोघी हडकलेल्या, नाकं वाहणारी, केस निस्तेज. दिवसभर बसल्या जागी डुलत राहायच्या आणि कण्हायच्या. चाचणी घेतली तर वाढ सहा-सात महिन्यांच्या बाळाइतकी. बुद्ध्यांक एकीचा ४६, दुसरीचा ३५. अशा मुलींना दत्तक कोण घेणार? आश्रमात जागा नव्हतीच. स्कील्सनेच शिफारस केली आणि दोघींना 'मंदबुद्धी' ठरवलेल्यांच्या सरकारी संस्थेत पाठवण्यात आलं. तिथे लहान मुलांची वेगळी सोय नव्हती, म्हणून त्यांना मोठ्या बायकांच्या वॉर्डात ठेवलं. या बायका अठरा ते पन्नास वर्षांच्या. त्यांचं 'मानसिक वय' पाच ते नऊ वर्षं, असं त्यांच्या कागदांवर लिहिलेलं. (हे शब्द आज आपण वापरत नाही आणि वापरूही नयेत. पण त्यांच्या अंगावर हेच शिक्के होते, म्हणून इथे तसेच ठेवते.)

सहा महिन्यांनी स्कील्स दुसऱ्या कामासाठी त्या संस्थेत गेला, तर त्याच्यासमोर दोन मुली इकडून तिकडे पळत होत्या. हसत होत्या, मोठ्या माणसांच्या अंगाखांद्यावर खेळत होत्या. त्याला त्या ओळखू आल्या नाहीत. पुन्हा चाचणी घेतली. ४६ चे ७७ झाले होते आणि ३५ चे ८७. त्याचा स्वतःवरच विश्वास बसेना. त्याने ठरवलं की घाई नको, त्यांना आणखी काही महिने तिथेच राहू द्यावं. पुढच्या वर्षातल्या चाचण्यांतही आकडे उतरले नाहीत, उलट थोडे चढलेच.

झालं काय होतं? एकीला वॉर्डातल्या एका बाईने आपली मानलं होतं. दुसरीलाही तशीच एक मिळाली. बाकीच्या बायका मावश्या झाल्या. यांना दिवसभर दुसरं काम काय होतं? एकीने उचललं, दुसरीने घेतलं, तिसरी केस विंचरायला बसली. वॉर्डातल्या नोकर बायकांनाही लळा लागला. त्या सुट्टीच्या दिवशी मुलींना बाजारात, मोटारीत फिरायला नेत, आपल्या पैशांतून खेळणी आणि चित्रांची पुस्तकं आणत. आपलं बाळ आधी चालतं की त्यांचं, यावरून वॉर्डावॉर्डांत चुरस लागे. वाचताना मला आमच्या वाड्यातला चौक आठवतो. तिथेही कोणाचं पोर कोणाच्या कडेवर आहे याचा पत्ता नसायचा, पण झोप आली की पोर बरोबर ठरावीक मांडीवर जाऊन पडायचं.

मग स्कील्सने वरिष्ठांना एक विलक्षण गोष्ट पटवली. आश्रमातली आणखी काही 'मागे पडलेली' बाळं मुद्दाम त्या वॉर्डांमध्ये पाठवायची. कागदोपत्री ती आश्रमाचीच राहिली, संस्थेत 'पाहुणे' म्हणून. शहाणं करण्यासाठी मुलांना वेड्यांच्यात पाठवणं, असंच लोक म्हणणार होते. पहिल्या दोघी धरून एकूण तेरा बाळं झाली, दहा मुली आणि तीन मुलगे, तीन वर्षांच्या आतले. सरासरी बुद्ध्यांक ६४. काही महिन्यांपासून ते चार-एक वर्षांपर्यंत ती तिथे राहिली आणि निघताना सरासरी ९२ झाली होती. तेरापैकी एकही मूल खाली गेलं नाही. सगळ्यात कमी वाढ ७ गुणांची, सगळ्यात जास्त ५८ ची.

पुढे आश्रमाच्या नोंदींतून स्कील्सने बारा मुलं तुलनेसाठी काढली. ही आश्रमातच राहिलेली, आणि सुरुवातीला त्या तेरांपेक्षा पुष्कळ हुशार होती. सरासरी ८७. दोन-अडीच वर्षांत ती ६१ वर आली. कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त बाटली टेकूला लावलेली होती.

तेरांपैकी अकरा जण पुढे दत्तक गेले. आणि एक बारीक गोष्ट स्कील्सने टिपली आहे, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्या बाळाला एक ठरावीक बाई मिळाली, 'ही माझी' असं जिच्याबद्दल वाटावं अशी, त्याची वाढ जास्त झाली. ज्याला सगळ्यांनीच थोडं थोडं घेतलं पण कुणाचंच झालं नाही, त्याची कमी.

हे सगळं १९३९ साली छापून आलं आणि आयोवावाल्यांवर नुसती धाड पडली. टर्मन आणि त्यांच्या मताचे लोक तुटून पडले. बुद्धी कमी असलेल्या बायका बाळांची बुद्धी वाढवतात म्हणे! सभांमध्ये हशा पिकला, नियतकालिकांत आकडेवारीची चिरफाड झाली. चिरफाडीत काही मुद्दे खरेही होते. मुलं मोजकी, चिठ्ठ्या टाकून निवडलेली नाहीत, तुलनेचा गट नंतर शोधलेला. तान्ह्या बाळाचा बुद्ध्यांक ही मुळात फार भरवशाची चीजच नव्हे. पण हसण्याचं कारण ते नव्हतं. त्या बायकांच्या हातून काही चांगलं होऊ शकतं, हेच कुणाला पचत नव्हतं. मग महायुद्ध आलं, स्कील्स सैन्यात गेला, केंद्रातली माणसं पांगली. युद्धानंतर तो आयोवात परतलाच नाही. संशोधन विस्मरणात गेलं.

वीसेक वर्षांनी, १९६० नंतर, स्कील्स पुन्हा उभा राहिला. ती पंचवीसच्या पंचवीस मुलं आता कुठे आहेत ते शोधायचं, या हट्टाने तो निघाला. नावं बदललेली, दत्तक घरं राज्याबाहेर गेलेली. गावोगाव फिरून, पोस्टमनपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत विचारत त्याने प्रत्येकाचा माग काढला. एकही सुटलं नाही. मला इतिहासातली ही माणसं फार आवडतात, जी हिशोब अर्धवट ठेवत नाहीत.

१९६६ साली त्याचा अहवाल आला. तेराही जण स्वतःच्या पायावर उभे होते किंवा स्वतःचा संसार करत होते. निम्म्यांहून जास्त जणांनी बारावीपर्यंतचं शिक्षण पुरं केलं होतं, काही कॉलेजात गेले होते. अकरा जणांची लग्नं झाली होती. त्यांना मिळून अठ्ठावीस मुलं, आणि त्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक १०४. तिकडे आश्रमात राहिलेल्या बारांपैकी एक तरुणपणीच संस्थेत वारला होता, चार अजून सरकारी संस्थांत होते, आणि त्या गटाचं शिक्षण सरासरीने तिसरीच्या आसपास थांबलेलं. सरकारचा त्यांच्यावरचा खर्चसुद्धा तेरांच्या चौपटीहून जास्त झाला होता. आकडेवारीवाल्यांना निदान हे तरी पटावं.

त्या बारांत एक अपवाद होता. एक मुलगा छापखान्यात कंपोझिटर झाला, लग्न केलं, मुलं झाली, आणि त्याची एकट्याची कमाई गटातल्या बाकी कमावत्या सगळ्यांच्या बेरजेइतकी होती. त्याला ऐकू कमी येत असे, म्हणून लहानपणी त्याला बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत धाडलं होतं. तिथल्या मेट्रनचा त्याच्यावर जीव जडला. म्हणजे त्यालाही कुणीतरी एक मिळालं, फक्त जरा उशिरा.

१९६८ साली शिकागोत स्कील्स आणि त्याची सहकारी मेरी स्कोडाक यांना केनेडी प्रतिष्ठानचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार देण्यात आला. पुरस्कार द्यायला मंचावर एक उंच तरुण आला, पदवीधर, उत्तम कपड्यांतला. त्याने सांगितलं की मी त्या तेरांतलाच एक. स्कील्स त्यानंतर दोनच वर्षं जगला. बरं झालं, त्याला हे बघायला मिळालं.

पण वर म्हटलेल्या उणिवा राहतातच. तेरा बाळं म्हणजे पुरावा नव्हे, म्हणणारे म्हणतीलच. दत्तक घरांचा वाटा किती आणि वॉर्डाचा किती, हेही सुटं करून सांगता येत नाही. याचं अधिक भक्कम उत्तर मिळालं ते रुमानियात, आणि ते मिळण्याची वेळ यावी हेच वाईट. तिथल्या चाउशेस्कूने लोकसंख्या वाढावी म्हणून १९६६ साली गर्भपातावर जवळजवळ बंदी घातली. लोकांना पोसणं झेपेना, मुलं सरकारी संस्थांत येऊ लागली. १९८९ च्या डिसेंबरात तो पडला तेव्हा अशा संस्थांमध्ये लाखाहून अधिक मुलं होती. ओळीने पाळणे, छताकडे बघत पडलेली मुलं, स्वतःच स्वतःला झुलवणारी. डेव्हनपोर्टच, फक्त हजारपट.

२००० साली अमेरिकेतले चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी बुखारेस्टमध्ये काम सुरू केलं. संस्थांमधली १३६ मुलं, सहा महिने ते अडीच वर्षं वयाची. यावेळी चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना प्रशिक्षण दिलेल्या पालक कुटुंबांमध्ये ठेवलं, निम्मी होती तिथेच राहिली. हे नैतिक होतं का, यावर पुष्कळ वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. त्यांचं म्हणणं, तेव्हा बुखारेस्टमध्ये पालक कुटुंबांची सोय जवळपास नव्हतीच, आणि संस्थेत राहिलेल्या मुलाला पुढे घर मिळालं तर आम्ही ते अडवलं नाही. मला हे वाचताना अजूनही पोटात कालवतं, आणि तरीही त्या निष्कर्षांमुळे पुढे कायदे बदलायला मदत झाली हेही नाकारता येत नाही. रुमानियाने २००४ च्या कायद्याने दोन वर्षांखालच्या मुलांना (गंभीर अपंगत्व असलेली सोडून) संस्थेत ठेवणं बंद केलं.

निष्कर्ष स्कील्सच्याच दिशेचे होते. साडेतीन वर्षांच्या वयाला संस्थेतल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ७७ च्या आसपास, कुटुंबात गेलेल्यांचा ८६ च्या. जितक्या लवकर घरी गेली तितका फायदा जास्त, आणि दोन वर्षांच्या आसपास एक उंबरठा दिसला. स्कील्सला जे दिसू शकलं नव्हतं ते यांनी डोक्याला तारा लावून बघितलं. संस्थेतल्या मुलांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मंद होत्या, वयाच्या मानाने कच्च्या. आठव्या वर्षी पुन्हा तपासलं, तेव्हा दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांच्या लहरी घरीच वाढलेल्या मुलांसारख्या झाल्या होत्या.

असं का होतं? जन्मतः बाळाचा मेंदू वजनाने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या पाव भागाइतका असतो आणि दोन वर्षांत तो पाऊण हिश्श्याच्या पुढे जातो. या काळात पेशींमध्ये जोडण्या भराभर तयार होतात, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. मग ज्या वापरात राहतात त्या पक्क्या होतात आणि बाकीच्या गळतात. आता 'वापर' म्हणजे काय? बाळ 'ऊं' करतं, ताई म्हणते "हो का गं? भूक लागली सोनीला?", बाळ टक लावून तिच्या तोंडाकडे बघतं, पाय झाडतं, पुन्हा 'ऊं' करतं. हाच वापर. दिवसातून शेकडो वेळा बाळ काहीतरी धाडतं आणि पलीकडून उत्तर येतं. उत्तर येणार हे कळतं तेव्हा ते आणखी धाडतं. डेव्हनपोर्टच्या पाळण्यात बाळं धाडतच होती सुरुवातीला. उत्तर आलं नाही. काही दिवसांनी त्यांनी धाडणं सोडलं. अशी खोली शांत असते, आणि वरवर बघणाऱ्याला वाटतं बाळं किती गुणी आहेत.

हे उत्तर माणसानेच द्यावं लागतं का, पडद्याने दिलं तर? याचा एक सुंदर प्रयोग भाचीच्याच गावी, सिएटलच्या विद्यापीठात पॅट्रिशिया कूल यांनी केला, २००३ साली तो प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी बोलणारी माणसं भेटवली. बारा बैठकी, पुस्तकं, खेळणी, गप्पा. त्या बाळांना चिनीतले त्यांच्या भाषेत नसलेले उच्चार वेगळे ओळखता येऊ लागले. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. त्यांना काहीसुद्धा आलं नाही.

म्हणून सांगते, ताईची बडबड चालू दे. तेल लावताना ती जे पाच-दहा मिनिटं बाळाच्या तोंडावर तोंड आणून बोलते, आंघोळीच्या वेळी "आता पाणी, आता पाय, आता दुसरा पाय" करत बसते, दुपटं बदलताना पोटावर फुर्रर्र करते, ते सगळं मोजून घे. (धुरी मात्र नको, डॉक्टर नको म्हणतात ते बरोबर आहे. काजळही नको.) कार्डं आणलीस तर ती मांडीवर बसवून, तिच्याशी बोलत दाखव. काम कार्ड करत नाही, मांडी करते.

आणि पाळणाघराचं. रुमानिया वाचून घाबरू नकोस. तिथली मुलं रात्रंदिवस तिथेच होती, तुझी लेक संध्याकाळी घरी येणार आहे. पाळणाघर बघायला जाशील तेव्हा भिंतीवरची चित्रं आणि खेळण्यांची कपाटं बघण्यात वेळ घालवू नकोस. एका बाईकडे किती बाळं ते विचार. बाया दर दोन महिन्यांनी बदलतात का ते विचार. आणि थोडा वेळ तिथे नुसती उभी राहा. एखादं बाळ कुरकुरलं तर कुणी वळून बघतं का, आणि दूध पाजताना बाळ कुणाच्या तरी हातात असतं का, एवढं बघ. आयोवाच्या त्या वॉर्डात खोल्या जुनाट होत्या, शिकलेलं कुणी नव्हतं, पण बाळ कुरकुरलं की वळून बघणारी माणसं भरपूर होती.

त्या बायकांबद्दल मला अजून शोधायचं आहे. त्या काळी अमेरिकेत अशा संस्थांमध्ये कोण कोण टाकलं जाई? बुद्धीने खरोखर अधू असलेल्या होत्याच. पण गरीब घरच्या, शाळा न मिळालेल्या, अनाथ, लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीही त्यात असत, शिक्का एकच. त्यांनी पुन्हा मुलांना जन्म देऊ नये म्हणूनही त्यांना तिथे ठेवलेलं असे. अशा बायकांच्या हातात ती बाळं आली, त्यांनी ती वाढवली, चालायला-बोलायला शिकवली, आणि बाळं बरी झाली म्हणूनच ती त्यांच्याकडून गेली. दत्तक घेणारी जोडपी आली की एकेक करून पाठवणी होई. स्कील्सच्या अहवालात मुलांची नावं लपवण्यासाठी त्यांना एक ते पंचवीस असे क्रमांक दिले आहेत. मुलांना वाढवणाऱ्या त्या बायका 'मोठ्या मुली' एवढ्याच नावाने येतात.